कप्तानाच्या बोटीमागचं पिल्लू

कप्तानाची सून समुद्र ऐकायची, आणि तोही एकाच कानाने.

दुसरा कान छकुलीचा होता. छकुली अजून वर्षाची झाली नव्हती आणि तिची झोप म्हणजे दुधावरची साय, फुंकर लागली की फाटली. दुपारी तिने पाळण्यात डोळे मिटले की सून चोरपावलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यायची, कांद्याची टोपली बाजूला सारून लॅपटॉप उघडायची, इअरफोनचं एक बोंड डाव्या कानात घालायची आणि दुसरं गळ्याशी लोंबतं सोडायची. डाव्या कानात खाडीचा तळ, उजव्या कानात पाळण्याची कुरकुर. एखाद्या दिवशी तासभर मिळायचा, एखाद्या दिवशी चहा गाळण्याइतका वेळसुद्धा नाही.

सागरी अभ्यास केंद्रातली तिची नोकरी बाळ झाल्यापासून अर्ध्या वेळेची झाली होती. खाडीच्या तोंडाशी तिने पाण्यात दोन माइक सोडले होते, एक डाव्या अंगाला काळ्या खडकाजवळ आणि दुसरा उजव्या अंगाला दिव्याच्या खांबाखाली. खाडीत डॉल्फिनचं एक कुटुंब वस्तीला होतं. ते बघायला पाहुणे यायचे, आणि पाहुण्यांना घेऊन छोट्या बोटी दिवसभर भर्रकन जायच्या, भर्रकन यायच्या. या भर्रचं पाण्याखाली काय होतं, हा तिचा अभ्यास.

"सून करते काय तुमची?" असं कोणी विचारलं तर तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या सासूबाई म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं चोरून ऐकते. पण पगारी."

सासऱ्यांची बोट धक्क्यावर सगळ्यांत जुनी. धक्का त्यांना कप्तान म्हणायचा. खरं तर त्यांच्या हाताखाली आयुष्यात एकही खलाशी नव्हता; एक मुलगा होता, पण त्याला बोटीवर पाय ठेवताच मळमळायचं, म्हणून तो बस चालवायचा. कप्तानांना ही गोष्ट लागली होती. सून घरात आली आणि पहिल्याच दिवशी बोटीवरून उतरायला तयार होईना, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

सुनेने बोटवाल्यांना मागितलं होतं ते एवढंच: खाडीच्या तोंडापासून काळ्या खडकापर्यंत बोटी हळू चालवा. तेवढाच पट्टा. तिथेच डॉल्फिन रेंगाळतात, तिथेच आया आपल्या पोरांना घेऊन फिरतात.

"हळू म्हणजे?" लाल बोटीच्या बुलेटने विचारलं होतं. त्याला बुलेट का म्हणतात हे त्याच्या बोटीत एकदा बसलेला माणूस विचारत नसे.

"पाण्यावर पांढरा फेस उठणार नाही इतकं."

"अहो वहिनी, मग पोहतच जातो की!"

तिने समजावायचा प्रयत्न केला. "आपल्या घरी मिक्सर चालू असला, की बाळ रडलेलं ऐकू येतं का? नाही ना? पाण्यात तर आवाज आपल्यापेक्षा कितीतरी लांब जातो. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही गढूळ पाण्यात. आई कुठे, पोर कुठे, सगळं शिट्ट्यांवर चालतं. तुमची बोट आली की मिक्सर सुरू. मग आई ओरडून बोलते, आणि थोडकंच बोलते."

"ओरडून आणि थोडकंच?" बुलेट म्हणाला. "आमच्या घरी ओरडून आणि पुष्कळ."

धक्का हसला. पट्ट्याचा विषय त्या हसण्यात वाहून गेला.

मग एका दुपारी ती शिट्टी आली.

डाव्या कानात नेहमीची खुडबुड चालली होती. कोळंबीची कडकड, लांबच्या बोटीची गुरगुर. आणि त्यात अचानक एक बारीक, कोवळा सूर खालून वर चढत गेला आणि तुटला. थोडा थांबला. पुन्हा चढला, पुन्हा तुटला. सुनेच्या हातातलं बिस्कीट चहात विरघळून तळाला गेलं. या खाडीतल्या मोठ्या डॉल्फिनच्या शिट्ट्या तिला सख्ख्या बहिणींसारख्या ठाऊक होत्या. ही त्यातली नव्हती. सूर साधा, एकच एक, अजून वळणं न शिकलेला. शब्द फुटण्याआधी छकुली जसं "आऽ" म्हणून थांबते आणि कोणी बघतंय का ते बघते, तसा.

पडद्यावर त्या आवाजाची रेघ उमटली होती, वर जाणारी, शेवटी किंचित वाकलेली. तिने ती पुन्हा लावली. आणखी मागच्या दिवसांचं काढलं. तिथेही होती! आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की ही शिट्टी येते तेव्हा पाठीमागे नेहमी एकच इंजिन असतं. धापा टाकत चालणारं, दोन ठोक्यांमध्ये खाकरणारं. ते ती झोपेतही ओळखली असती. तिच्या सासऱ्यांचं.

बोट जोर करते तेव्हा पिल्लू आवाज चढवतं. बोट जोर सोडते तेव्हा पिल्लू गप्प. नेमकं तेच, जे ती महिनोन्‌महिने सिद्ध करू पाहत होती. आणि सगळ्या धक्क्यावर पट्ट्यातून हळू जाणारी बोट एकच, कप्तानांची. तेव्हा पिल्लू जातं ते हळू बोटीजवळच. आणखी काय पुरावा हवा?

संध्याकाळी तिने सासऱ्यांच्या दोन्ही कानांना बोंडं लावली. कप्तानांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"माझ्यामागे?" ते म्हणाले.

"तुमच्याच मागे, बाबा. दुसऱ्या कुणाच्याही नाही."

"बघ," ते बायकोकडे वळून म्हणाले, "लोकांना पोरं घरात होतात."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धक्क्यावर त्याचं बारसं होऊन गेलं होतं. शिट्टी घालतं म्हणून शिट्टू. आणि एकदा नाव पडल्यावर तो दिसायलाही लागला. चहाच्या टपरीवाल्याला तो आईच्या बगलेत दिसला. दोरखंड वळणाऱ्या म्हाताऱ्याला चक्क हसताना दिसला. पाहुणे तिकीट काढतानाच विचारू लागले, "शिट्टूवाली बोट कोणती?" सासूबाई खिडकीतून मान बाहेर काढून, जणू नातवंडाचीच चौकशी झाल्यासारख्या, अभिमानाने बोट दाखवायच्या.

बाकी बोटवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. कप्तानाच्या त्या खटाऱ्यात असं आहे तरी काय? हळू चालतो, एवढंच ना? मग आम्हालाही चालता येतं! सुनेने घसा कोरडा करून जे झालं नव्हतं ते हेव्याने एका आठवड्यात झालं. बोटी पट्ट्याशी आल्या की इंजिनाचा गळा आवळायच्या आणि नवी नवरी उंबरा ओलांडते तशा अलगद आत शिरायच्या. बुलेट तर इतका हळू जाऊ लागला की एकदा एक बदक त्याच्या पुढे निघून गेलं. महिनाभर करून बघू, मग सभेत ठरवू, असं सगळ्यांनी मान्य केलं.

सून रोज माइकच्या यंत्रातलं, आवाज साठवणारं कार्ड बदलून आणायची आणि बोटवाले तिच्या भोवती गोळा व्हायचे, परीक्षेचा निकाल लागल्यासारखे.

"वहिनी, काल माझ्यामागे आला का?" बुलेट विचारायचा.

"नाही हो."

"अहो, तेलसुद्धा नवं घातलंय!"

"भावजी, तो वासावर येत नाही."

आणि मग कप्तानांनी बोट वर काढली. दर वर्षी या सुमाराला ते तळाला रंग देत. धक्क्याच्या उतारावर बोट ओढून लाकडी ठोकळ्यांवर बसवली, खरवडणं सुरू झालं. आणि शिट्टू बंद झाला.

पहिल्या दिवशी सुनेला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळं दोनदा ऐकलं. मग तिसऱ्या दिवशी छकुली उठून रडायला लागली तरी ती बोंड कानातून काढेना, आणि ते लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की पोरीला छातीशी धरून ती कितीतरी वेळ खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. आई-पोराची चुकामूक झाली की काय होतं ते तिने वाचलं होतं. नको ते वाचलं होतं.

धक्क्यावर सुतक पसरल्यासारखं झालं. पाहुण्यांना हाका मारणारे हळू बोलू लागले. बुलेट तिकिटाच्या खिडकीशी रेंगाळून म्हणाला, "काकू, वहिनींना विचारा ना, बरं आहे ना ते? मी परवा जरा जोरात गेलो होतो. एकदाच. पाऊस येत होता."

कप्तान तर रंगाचा ब्रश हातात धरून पाण्याकडे बघत बसायचे. "मला शोधत असेल ते," एकदा म्हणाले. "त्याला काय कळणार, बोटीला रंग द्यावा लागतो म्हणून?" आणि मग असे भराभर ब्रश फिरवू लागले की अर्धा रंग त्यांच्याच अंगावर.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी सगळा धक्का काठाला उभा होता. कप्तान खाडीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले, त्यांच्या नेहमीच्या चालीने: थोडा जोर, मग सोड, थोडा जोर, मग सोड. असं चालवल्याने तेल कमी लागतं असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या मताला धक्क्यावर कोणी धक्का लावत नसे. ते परतताच सुनेने कार्ड काढलं. सासूबाईंनी छकुलीला तिच्या कडेवरून उचलून घेतलं.

"जा तू. निवांत ऐक. ही खिडकीत बसून तिकिटं फाडेल."

"आई, ती रडली तर—"

"मी काय पहिल्यांदाच पोर बघतेय? एक वाढवलंय मी. बस चालवतं आता."

घरी कोणी नव्हतं. पाळणा रिकामा. सून टेबलाशी बसली, नेहमीच्या सवयीने डावं बोंड कानात घातलं, मग उजवं हातात घेतलं आणि क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. किती दिवसांनी! ते तिने उजव्या कानात घातलं, आणि समुद्र एकदम गोल झाला. इतके दिवस चावीच्या भोकातून बघितलेली खोली दार उघडून दिसावी, तसा. डावीकडे काळा खडक, उजवीकडे दिव्याचा खांब, आणि मधे, तिच्या डोक्याच्या आत, अख्खी खाडी.

डावीकडून कप्तानांचं इंजिन आलं. धाप, खाकर, धाप. आणि त्याच्याबरोबर शिट्टू! ती खुर्चीतून अर्धी उठली. जिवंत आहे!

मग ती हळूच परत बसली.

इंजिन डावीकडून मधे आलं. शिट्टी डावीकडून मधे आली. इंजिन उजवीकडे गेलं. शिट्टी उजवीकडे गेली. मागे नाही, पुढे नाही, बाजूला नाही, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी. जोर दिला, शिट्टी चढली. सोडला, तुटली. पिल्लू कितीही लाडकं असलं तरी श्वास घ्यायला वर जातं, मागे रेंगाळतं, दुसरीकडे वळतं. हे वळत नव्हतं. हे बोटीला स्क्रूने बसवलेलं होतं.

हे पिल्लू नव्हतंच. हा बोटीच्या मागचा पंखा होता.

आधी कानशिलं तापली. मग तिने केंद्रातल्या मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून एकदम खदखदून हसू.

"अगं, मी एकदा बोटीतल्या पाणी उपसायच्या पंपाला देवमासा समजले होते. चांगलं भाषण दिलं होतं त्याच्यावर. रडू नकोस. पण सांगून टाक सगळ्यांना, लवकर."

लवकर म्हणजे कधी? सभा दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. पट्टा ठेवायचा की मोडायचा, ते ठरणार होतं. आणि पट्टा उभा होता तो शिट्टूच्या जिवावर.

संध्याकाळी तिने आधी घरात सांगितलं. कप्तान चहात साखर ढवळत होते. ती सांगून संपली तरी ते ढवळतच राहिले.

"म्हणजे माझ्यामागे कोणी येत नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"मी येतेय की इतकी वर्षं," सासूबाई म्हणाल्या, "त्याचं काही नाही!"

"तू शिट्टी घालत नाहीस."

"घालू का?"

सुनेचा नवरा नुकताच बसच्या पाळीवरून आला होता. तो दाराशी बूट काढता काढता हसू दाबत होता, आणि ते दाबलेलं हसू नाकातून बाहेर पडलं. कप्तानांनी त्याच्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"पंखा मागच्या हंगामात दोरात अडकून वाकला होता," ते म्हणाले. "मीच हातोडीने सरळ केला. मला वाटलं, झकास झालाय."

"झकासच झालाय, बाबा. गातो."

आता तेही हसले, पण थोडकंच. मग टेबलावर पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ सूनबाई. उद्याची सभा होऊन जाऊ दे. पट्टा पक्का होऊ दे. मग परवा सांग. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं?"

हेच तिच्याही मनात दुपारपासून घोळत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्यावर ते किती सोपं वाटतं हे बघून ती घाबरली. परवा सांगायचं म्हणजे मग पुढच्या आठवड्यात, मग हंगाम संपल्यावर. तोवर कप्तानांचा पंखा तसाच फिरणार, कारण तो बदलला तर शिट्टू मेला. आणि तिने पडद्यावर पाहिलं होतं: पंख्याची ती रेघ ज्या सुरावर उमटत होती, बरोबर त्याच सुरात खाडीतल्या आयांच्या शिट्ट्या असतात. त्या रेघेखाली दुसऱ्या कुणाचं बोलणं गाडलं जात होतं की काय, ते तिला तपासताही येत नव्हतं. नसलेल्या पिल्लासाठी असलेल्या पिल्लांच्या कानांत शिट्टी वाजवत ठेवायची? सगळ्या बोटींत हळू जाणारी तिच्या घरची बोट, आणि नेमकी तीच त्यांच्या बोलण्यावर बसलेली.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "उद्याच सांगते."

छकुलीने कप्तानांच्या दाढीला हात घातला, तो त्यांनी सोडवला नाही.

सभा धक्क्यावरच्या प्रतीक्षा खोलीत भरली. बाकांवर बोटवाले, दाराशी टपरीवाला, खिडकीत सासूबाई, सुनेच्या कडेवर छकुली. तिने पाठ केलेली वाक्यं उभी राहताच पळून गेली. म्हणून तिने सरळ आवाज लावला, दोन्ही बाजूंना दोन छोटे स्पीकर ठेवून. इंजिन खोलीच्या डाव्या भिंतीतून उजव्या भिंतीत गेलं, आणि शिट्टी त्याच्या शेपटीला बांधलेली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "हा शिट्टू नाही. आमच्या बोटीचा पंखा आहे. चूक माझी. मी एका कानाने ऐकत होते."

छकुलीची अंगठा चोखण्याची चुटचुट तेवढी ऐकू आली.

"डोंगर पोखरून उंदीर निघतो असं ऐकलं होतं," दोरखंडवाला म्हातारा म्हणाला. "समुद्र ऐकून पंखा निघाला."

"थांबा," बुलेट उठला. "म्हणजे महिनाभर मी कप्तानांच्या पंख्यावर जळत होतो?"

मग मात्र छप्पर उडायचं बाकी राहिलं. टपरीवाल्याने डोळे पुसले. कोणीतरी बुलेटला विचारलं, "नवं तेल कुणाला पाजलंस रे?" आणि बुलेटनेच म्हाताऱ्याला धरलं: "आणि तुम्ही? तुम्हाला तो हसताना दिसला होता ना?"

"पंखासुद्धा हसतो," म्हातारा शांतपणे म्हणाला. "नजर पाहिजे."

हसणं ओसरलं तसा मागच्या बाकावरून एक आवाज आला. बोलणाऱ्याला सगळे घड्याळ म्हणत. सदा घाईत असायचा, सभेतही चपला काढत नसे. "हसून झालं ना? मग मुद्द्यावर या. पिल्लू नाही, तर पट्टा कशाला? माझ्या फेऱ्या कमी होतात. मोडा तो."

दोन-तीन माना हलल्या. सुनेला ठाऊक होतं, हेच होणार होतं.

"पिल्लू नाही असं मी म्हटलं नाही," ती म्हणाली. तिने छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पिल्लं असतील. दर वर्षी असतात. मला ती ऐकू आली नाहीत, एवढंच. पण एक ऐकू आलंय. या महिन्यात तुम्ही हळू गेलात तेव्हा मोठ्या डॉल्फिनच्या शिट्ट्या लांबल्या. पूर्वी बोट आली की दोन शब्दांत आटपायच्या. आता बोट बाजूने गेली तरी बोलत राहतात. याला पिल्लू लागत नाही. हे आहेच."

"शिट्ट्या लांबल्या, माझा दिवस लांबला," घड्याळ म्हणाला.

"एक मिनिट," बुलेट पुन्हा उठला. त्याने मान खाजवली. "मला एक सांगायचंय. हसू नका. पट्ट्यातून हळू जायला लागल्यापासून मला पाहुण्यांशी ओरडून बोलावं लागत नाही. पूर्वी संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, आणि घरी गेलो की त्याच पट्टीतला आवाज. बायको परवा म्हणाली, तब्येत बरी आहे ना? कधीपासून हळू बोलताय? मी म्हटलं, पट्ट्यात आहे."

"मग तिला काय वाटलं?"

"तिला वाटलं प्यायलोय. पण आवडलं तिला."

"माझ्या बोटीत कुणाला मळमळलं नाही या महिन्यात," दुसरा एक जण म्हणाला.

"माझे पाहुणे परत आले," तिसरा म्हणाला. "म्हणाले, इंजिन बंद करून उभं राहिलात ते छान होतं."

घड्याळ बाकावर चुळबुळला. तेवढ्यात इतका वेळ कोपऱ्यात बसलेले कप्तान उठले. रंगाचे ठिपके अजून त्यांच्या कानामागे होते.

"पट्ट्याचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मी हळूच जाणार, मला दुसरं येत नाही. पण एक विचारतो. माझा पंखा मागच्या हंगामापासून बोंबलतोय आणि मला पत्ता नाही. तुमच्यापैकी कुणाचा काय करतोय, कुणाला माहीत आहे?"

बोटवाले एकमेकांकडे बघू लागले. तिथे भलतीच ठिणगी पडली.

"माझा वाजत नाही," बुलेट म्हणाला.

"तुझा वाजत नाही? तुझा तर पाण्याबाहेरही वाजतो!"

"वहिनी, तुम्हीच सांगा. माझं ऐकलंय ना तुम्ही? कुणाचा सगळ्यांत कमी?"

"ते एकेक करून ऐकावं लागेल," सून म्हणाली. आपल्या तोंडून हे कसं निघतंय याचं तिलाच नवल वाटलं. "एकाच पट्ट्यातून. एकाच चालीने."

"हळू?"

"हळू."

"मग पट्टा मोडून कसं चालेल?" बुलेट घड्याळाकडे वळून ओरडला, आणि आपण ओरडलो हे लक्षात येऊन तेच वाक्य हळू म्हणाला.

हात वर झाले. सगळे नाही. घड्याळाने हात मांडीखाली दाबून ठेवला, मग सकाळची पहिली फेरी आपण आपल्या चालीने नेणार असं बजावून अर्धाच वर केला. पट्टा हंगामभर राहिला. पहिल्या फेरीवरून पुढे पुष्कळ दिवस भांडणं होत राहिली, ती वेगळी.

मिस्त्रीने कप्तानांचा पंखा उतरवला, काठावरून अंगठा फिरवला आणि हातोडीचे घाव बघून कपाळावर हात मारला. तो पंखा भट्टीत घालण्यातला होता, दुरुस्तीतला नव्हता. नवा बसेपर्यंत कप्तान तिथेच स्टुलावर बसून होते. जुना पंखा घरी नेऊ का, असं मिस्त्रीला दोनदा विचारून दोन्ही वेळा "नको, राहू दे" असं स्वतःच म्हणाले.

नव्या पंख्याची पहिली फेरी रविवारी झाली. बोटीत पाहुणे, सून, आणि सुनेच्या पोटाशी झोळीत छकुली. काळ्या खडकाशी कप्तानांनी इंजिन बंद केलं. बोट पाण्यावर डोलत राहिली. शेजारी थोड्या अंतरावर बुलेटची लाल बोट, तीही गप्प. सुनेने माइक पाण्यात सोडला आणि यंत्राची बटणं फिरवून, मोठे, कान झाकणारे हेडफोन सासऱ्यांच्या डोक्यावर चढवले.

कप्तान ऐकू लागले. आधी भुवया जवळ आल्या. मग सुटल्या. मग त्यांनी डोळेच मिटून घेतले.

पाण्यावर दूर एक पाठ चमकली आणि बुडाली. तिच्या लगेच मागे आणखी काहीतरी, लहान, की लाटच होती? सुनेने ओठ घट्ट मिटले. ती काही जाहीर करणार नव्हती. तिने छकुलीच्या टाळूवर हनुवटी टेकवली आणि नुसती बघत राहिली.

"काय ऐकू येतंय, बाबा?" तिने खांद्याला हात लावून विचारलं.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. गालावरून काहीतरी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"अहो काका," एका पाहुण्याने विचारलं, "डॉल्फिन कुठे आहेत?"

आणि कप्तान, दोन्ही कान झाकलेले असल्याने, धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गरजले,

"शूऽऽ! बोलतायत ती!"

छकुली दचकली आणि तिने भोकाड पसरलं. खडकावरचे पक्षी उडाले. लाल बोटीतून बुलेटने दोन्ही हात तोंडाशी नेले, मग काहीतरी आठवून खाली घेतले, आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला,

"कप्तान, पंख्याचं झालं. आता गळ्याचं बघा."